हीटर वाढवा

थर्मोस्टॅट म्हणजे काय हे मी आजवर जितक्या लोकांना समजावून सांगितलंय, तितक्यांना लग्नाआधी नाशिकच्या कॉलेजात भौतिकशास्त्रही शिकवलं नसेल. कॉलेजातली मुलं निदान परीक्षेपुरतं तरी ऐकायची. दोह्याला आल्यावर माझा वर्ग एका विद्यार्थ्याचा झाला, आणि तो विद्यार्थी म्हणजे माझा नवरा.

नवरा गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर. दिवसभर तिथल्या अवाढव्य टाक्यांचं तापमान काट्यावर काटा ठेवून सांभाळणार. पण इंजिनिअर माणूस उंबऱ्यापाशी बूट काढतो तसं शिक्षणही काढून ठेवत असावा. जून-जुलैच्या उन्हातून घरी आला की सरळ भिंतीतल्या एसीसमोर जायचा, बटण शेवटपर्यंत फिरवायचा आणि शर्टाची बटणं उघडून उभा राहायचा.

"असं केलं की लवकर गार होतं," तो म्हणायचा.

"नाही होत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अहो, नाशिकहून निफाडला जायचंय आणि तुम्ही कंडक्टरकडे येवल्याचं तिकीट मागितलंत, तर बस जोरात धावते का? निफाड यायचं तेव्हाच येणार. फक्त तुम्ही तिथे उतरणार नाही, पुढे येवल्यापर्यंत जाल."

तो पार्ल्याचा. निफाड कुठे नि येवलं कुठे, त्याला सोयरसुतक नव्हतं. पण मी म्हणत होते ते अगदी खरं होतं आणि आजही खरं आहे. ते बटण खोली किती वेगानं गार किंवा गरम व्हावी हे ठरवत नाही. कुठे थांबायचं तेवढं ठरवतं. यंत्राचा जोर आहे तेवढाच असतो. बटण टोकाला नेलं की खोली थांबायच्या जागी थांबत नाही, मग अर्ध्या तासानं तोच नवरा चादर ओढून घेतो आणि उठून एसी बंद करतो. गाढवापुढे वाचली गीता. दोन उन्हाळे आमचं हे असं चाललं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी भांडणही चवीचवीनं करायची.

मग माझी लेक जन्मली, आणि त्या बटणाची गंमत संपली.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाळंतपणाला मी माहेरी जाणार, हे ठरलेलंच होतं. बॅगही अर्धी भरून झाली होती. पण लेकीला धीर नव्हता. ती पूर्ण दिवस न भरताच आली, दोह्यातच, ऐन हिवाळ्यात. एवढीशी, की तिला घ्यायला हात पुढे करायचीही मला भीती वाटायची. काही आठवडे ती हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना तिथल्या सुदानी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की हिच्या अंगात अजून स्वतःची ऊब धरून ठेवण्याइतकी चरबी नाही. खोली उबदार हवी. गरम नको, गार तर नकोच, आणि सारखी एकसारखी हवी. थंडी वाजली तर पोटात गेलेलं सगळं दूध ऊब करण्यातच खर्च होईल आणि वजन वाढणार नाही. गरम झालं तर ती दूधच पिणार नाही. दर आठवड्याला वजनाला आणा. वजन वाढलं नाही, तर परत पेटीत.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही परीक्षा मला सोपी जाणार. तापमान एकसारखं ठेवायचं, एवढंच ना? त्यासाठीच तर थर्मोस्टॅट असतो.

मी माहेरी जाऊ शकले नाही म्हणून माहेरच विमानात बसून आलं. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढली ती डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. दारात पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य बोलली, "अगं, इथं तर थंडी हाये! तुम्ही तर म्हणायचा वाळवंट हाये."

दोह्याच्या हिवाळ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आमचा फ्लॅट ओल्ड एअरपोर्टच्या भागात होता. ती घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, खाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना एकेरी काच, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत एसीसाठी पाडलेलं भगदाड. वायव्येचा शमाल वारा सुटला की त्या एसीच्या कडेकडेनं खोलीत शिट्ट्या घालायचा. आम्ही दोघं स्वेटरवर भागवत होतो. आता बाळासाठी नवऱ्यानं सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, तेल भरलेला हीटर आणला. पांढरा, लोखंडी, पाकळ्या-पाकळ्यांचा, खाली चाकं. बाजूला शून्य ते सहा आकड्यांचं बटण, त्याच्यावर लाल दिवा. खोली हवी तेवढी तापली की आतून 'टक' असा आवाज यायचा आणि दिवा जायचा. खोली निवायला लागली की परत 'टक', आणि दिवा लागायचा. मी बटण फिरवून फिरवून पाहिलं आणि अडीचवर ठेवलं. तिथे खोली हवी तशी राहत होती.

ती फार वेळ तशी राहिली नाही, कारण आई होती.

आईला 'टक' ऐकवायचा नाही. दिवा गेला की ती हातातलं टाकून उठायची. "अगं, शांत झाला बघ!" म्हणायची आणि बटण सरळ सहावर. तिच्या लेखी ती शेगडी होती. शेगडीला जाळ मोठा केला की लवकर ऊब येते, बारीक केला की उशिरा. यात तिचं चूक काय? जन्मभर तिच्या हाताखाली ज्या ज्या चुली, स्टोव्ह, शेगड्या आल्या, त्या सगळ्या असंच वागल्या. मी बसचं तिकीट सांगितलं, निफाड-येवलं सांगितलं. निफाड तर तिचंच सासर. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं शिक्षण राहू दे बाजूला. पोराला गार लागता कामा नये."

मला तिचा राग यायचा, पण तो राग मला पूर्ण करता यायचा नाही. कारण मला माहीत होतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तोही दिवस न भरलेला, निफाडच्या थंडीतला. निफाडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. पहाटे आईचा डोळा लागला, बाजेखालची शेगडी निवली, आणि ती जागी झाली तेव्हा बाळही निवलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, गहू निवडता निवडता, मान वर न करता. तेव्हापासून तिच्या तोंडी 'विझली', 'बंद झाली', 'संपलं' हे शब्द नव्हते. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे तर आपण सगळेच पाळतो. पण आई सगळ्याच बाबतीत तसं बोलायची. बांगडी फुटायची नाही, वाढायची. दिवा मालवायचा नाही, वाढवायचा. शेगडी, स्टोव्ह, कंदील, सगळं ती वाढवायची. जाळ जास्त हवा असेल तर 'मोठा कर', कमी हवा असेल तर 'बारीक कर', आणि विझवायचा असेल तर 'वाढव'. माझ्या कानाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्याच भाषेत वाढले होते.

तर आई सहावर न्यायची, मी अडीचवर आणायची. मी झोपले की परत सहा. खोली भट्टी झाली की आई स्वतःच खिडकी किलकिली करायची, की गार वारा आत, की परत हीटर मोठा. जेवढी ऊब आम्ही तयार केली त्यातली अर्धी दोह्याच्या रस्त्याला वाटली असेल. पहिल्या आठवड्याला वजनाला गेलो तर काटा जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अजून एक आठवडा बघू." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत आई बाळाला छातीशी धरून खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते घडलं. शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी. नवरा घरी होता, बैठकीत खुर्ची टाकून पेपर वाचत होता. बाळ पाळण्यात झोपलेलं, टोपडं, झबलं, दुपट्यात गुंडाळलेलं. आई मला न्हाऊ घालायला निघाली. बाळंतिणीचं न्हाणं म्हणजे काय दोन तांबे पाणी नव्हे. आधी तेल जिरवायचं, मग कढत पाणी, मग केसांना ओव्याची धुरी. त्या वेळात बाळाच्या खोलीत कुणी बसणार नव्हतं, आणि माणूस नसलेल्या खोलीत शेगडी पेटती ठेवायची नाही, हा आईचा आणखी एक नियम. खोली तशी उबलेली होती. म्हणून जाता जाता ती नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, तेवढा हीटर वाढवा. मी हिला न्हाऊ घालते."

"हो आई," नवरा म्हणाला. सासूचा शब्द पडू न देणारा जावई. उठला, बटण सहावर नेलं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खोलीचं दार घट्ट लावून घेतलं, आणि पेपर वाचायला बसला.

न्हाऊन, केस बांधून मी दार उघडलं तेव्हा तोंडावर भाजलेली हवा आली. बाळ लालबुंद झालं होतं. रडत नव्हतं. ती रडली असती तर आम्हाला कळलं असतं, पण तिच्यात रडण्याचीही ताकद उरली नव्हती. तोंड उघडं, श्वास भरभर, मानेखाली घामानं भिजलेलं दुपटं. मी तिला उचललं, बाहेर बैठकीत आणलं, टोपडं काढलं, दुपटं सोडलं, एकच पातळ झबलं ठेवलं. छातीशी लावलं तर तिनं तोंड फिरवलं. माझ्या आयुष्यात मी एवढी घाबरले नव्हते. ओल्या फडक्यानं तिचं कपाळ, मान, तळवे टिपत राहिले.

आणि माझ्या डोक्यावर ती दोघं.

"अहो, मी तुम्हाला हीटर वाढवा म्हटलं होतं!" आई.

"मग वाढवला ना! पार सहापर्यंत वाढवला!" नवरा.

"वाढवला म्हणता, आणि हा पेटलेला कसा?"

"वाढवला म्हणूनच पेटलाय, आई!"

दोघंही खरं बोलत होते. दोघंही रडकुंडीला आले होते. आणि मला त्याच क्षणी लख्ख कळलं काय झालंय ते. "अहो," मी म्हटलं, "नवीन गाडी घेतल्यावर तुम्ही नारळ वाढवता, तेव्हा तो मोठा होतो का हो?"

हळूहळू नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि पाठोपाठ सगळा रंग उतरला. तो आईसमोर फरशीवर बसला. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "माझ्याच जिभेनं केलं." तेवढ्यात बाळानं ओठ हलवले. मी परत जवळ घेतलं. या वेळी ती प्यायली. आधी थोडंसं, मग थांबून आणखी. तिच्या गिळण्याचा आवाज आम्ही तिघंही ऐकत बसलो होतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी वर्ग घेतला. आजवरचा सर्वांत चांगला वर्ग. बस, तिकीट, कंडक्टर सगळं सोडून दिलं आणि आईला विचारलं, "तू विरजण लावतेस तेव्हा दूध कसं घेतेस?"

"कोमट. करंगळी बुडवून बघायची. करंगळीला सोसलं पाहिजे."

"लवकर दही हवं असेल तर जास्त कढत घेतेस?"

"वेडी का काय? नासेल की!"

"मग थंडीच्या दिवसात काय करतेस?"

"भांडं गोधडीत गुंडाळून ठेवते. आणि मग हात लावत नाही."

"आणि मग हात लावत नाही," मी तिचेच शब्द परत म्हटले. "हा हीटर शेगडी नाही, आई. ही तुझी करंगळी आहे. कोमट झालं की थांबतो, निवायला लागलं की परत सुरू होतो. तो 'टक' आवाज येतो ना, तेव्हा तो शांत होत नाही. करंगळी बुडवून बघतो."

आई बराच वेळ हीटरकडे बघत राहिली. लाल दिवा गेला, 'टक'. तिचा हात उठला. मग तिनं तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवला. थोड्या वेळानं परत 'टक', आणि दिवा लागला. "आपला आपण उठला की गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अडीचच्या जागी कुंकवाचं बोट. या खुणेला कुणी हात लावायचा नाही, असा तिनंच हुकूम काढला, आणि नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघून काढला. मग लुगड्यांचं गाठोडं सोडलं. ती लुगडी बाळाच्या दुपट्यांसाठी आणली होती. ती फाडून, जोडून तिनं चांगली जाड गोधडी शिवली, पण बाळाला नाही. भिंतीतल्या एसीला. दही गुंडाळायचं तर भांडं गुंडाळायला नको का, असं तिचं म्हणणं. नवऱ्यानं ती एसीवर घट्ट ठोकून बसवली, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल सारला, आणि वाऱ्याची शिट्टी थांबली. खोली लवकर तापवायचा खरा उपाय तो होता. बटण तेच, हीटर तोच, कुंकवाची खूण तीच, पण आता दिवा थोडाच वेळ लागायचा आणि बराच वेळ शांत राहायचा. मी दोन उन्हाळे बटणावर भाषणं दिली, आणि भोक बुजवायचं मात्र आईला सुचलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शिकवणाऱ्याला विद्यार्थी एक पायरी पुढे गेलेला बघायला आवडतंच.

पुढच्या वजनाला आई हट्टानं आत आली. नर्सनं बाळाला काट्यावर ठेवलं, काट्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि बाळाला उचलत मोठ्यानं म्हणाली, "खलास!"

आई पांढरीफटक पडली. "काय खलास? काय म्हणाली ती?" तिनं बाळाला नर्सच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

"अगं, अरबीत खलास म्हणजे झालं! काम झालं! वजन करून झालं!"

"मग झालं म्हणावं ना. असलं अभद्र काय बोलायचं लेकराला?"

"इथे भाजीवाला म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, सगळे म्हणतात. इथे त्याचा अर्थ वाईट नाही." मग मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या. काटा सरकला होता. फार नाही, पण सरकला होता. मी तिथेच, त्या काट्याजवळ उभी राहून रडले, आणि आई नर्सला मराठीत दम देत होती.

त्यानंतर काटा दर आठवड्याला सरकत गेला. गालांवर गाल चढले, मनगटाला वळ्या पडल्या. दोह्याचा हिवाळा तसा थोड्या दिवसांचा पाहुणा. मार्च उजाडला, शमालचा गारवा गेला, सकाळचं ऊन खिडकीतून थेट पाळण्यापर्यंत यायला लागलं. आईच्या परतीचं तिकीट आलं. निघायच्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवरची गोधडी उतरवली, झटकली, घडी घातली आणि पाळण्यात टाकली. मग हीटरपाशी गेली. कुंकवाची खूण पुसट झाली होती, पण दिसत होती. आईनं बटण धरलं आणि शून्यावर आणलं. 'टक' झालं, लाल दिवा गेला. ती दचकली नाही.

मी दारात उभी राहून बघत होते. मला राहवलं नाही. "काय गं," मी विचारलं, "वाढवलास का हीटर?"

तिनं नातीला उचलून खांद्यावर टाकलं, तिच्या गुबगुबीत पाठीवर थोपटलं.

"वाढली ती ही," आई म्हणाली. "हीटर खलास."